कौतिकाबाईंचा ओंडका

गेल्या महिन्यात गडचिरोलीहून सकाळी येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं सिंदेवाहीच्या स्टँडवर माझ्या हातात एक घडी घातलेला कागद ठेवला. अक्षर कौतिकाबाईंच्या सुमनचं होतं. त्या अक्षराला वळण मीच लावलेलं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. ‘आई काल दुपारी गेली. तुम्हाला कळवा असं तिनंच सांगून ठेवलं होतं.’ एवढंच. मी तिथल्याच बाकावर बसलो. इतक्या वर्षांच्या ओळखीचं माणूस गेलं की डोळे भरावेत... माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते वेगळंच. आता हे वैर कोण सांभाळणार?

कौतिकाबाईंना ओळखणाऱ्यांना यात वावगं वाटणार नाही. तेराव्याला कुणीतरी रीतीप्रमाणं म्हणालं, ‘फार मोठ्या मनाची बाई. सगळ्यांना माफ करून गेली.’ मी मान खाली घालून पत्रावळीकडं पाहत राहिलो. कौतिकाबाईंनी कुणालाही माफ केलेलं नव्हतं. गेलेल्या माणसाला आपण आपल्या सोयीचं करून घेतो, त्याचे काटे काढतो. मला त्यांचे काटे काढायचे नाहीत, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. आपला चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता, गडचिरोली त्यातच मोडायची आणि राजधानी नागपूर. मी सिंदेवाहीच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकताच लागलो होतो. शाळेपासून कोसभरावर एक मोठं तळं आणि तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, मासे धरणाऱ्या ढिवरांची पंचवीस-तीस घरं. त्यातलं एक डोमाजीचं. उंच, हसरा गडी. तळ्यात जाळं फेकायचा आणि पाळीखालच्या बांध्यांत थोडं धान पिकवायचा. कौतिकाबाई त्याची बायको. सुमन तेव्हा चार-पाच वर्षांची असेल. रानडुकरं उभं धान लोळवू लागली, तेव्हा पीक राखायला सरकारनं गावात एका बंदुकीचा परवाना दिला आणि तो डोमाजीच्या नावावर निघाला. एकनळी, बारा बोअरची. काडतुसं चांद्याच्या बाजारातून गुलाबशेठच्या दुकानातून यायची. गुलाबशेठ म्हणजे बंदुका आणि काडतुसांचा जिल्ह्यातला नावाजलेला व्यापारी. पांढरीशुभ्र टोपी, तोंडात कायम वेलदोडा, मोठमोठ्या साहेबांची शिकार त्याच्याच मालावर चालायची. आमच्या शाळेच्या भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्यानंच दिलेलं होतं.

कार्तिकात, धान पिवळं पडू लागलेलं असताना, एका सकाळी डोमाजी आणि कौतिकाबाई बांध्यावर गेले. ऊन नुकतं पडलं होतं. एक मोठा नर डुक्कर धानात लोळत होता. डोमाजीनं वाकून वाकून जवळ जाऊन गोळी झाडली. गोळी खांद्यावर बसली, पण डुक्कर पडलाच नाही. उलट अंगावर आला आणि डोमाजीची मांडी सुळ्यानं फाडून निघून गेला. कौतिकाबाईंनी लुगड्याचा पदर फाडून जखम बांधली, वरून दोन्ही हातांनी दाबून धरली. गावातली माणसं पोहोचेपर्यंत डोमाजी त्यांच्या मांडीवरच गेला होता.

पंचनाम्याला शिकलेला माणूस हवा म्हणून मला बोलावलं. ठाण्याचा मुन्शी बोलत बोलत लिहीत होता: ‘मयतानं बऱ्याच लांबून अविचारानं बार टाकल्यामुळं गोळीत जोर राहिला नाही.’ बारा बोअरची गोळी डुकराला जवळून बसली तर तो जागचा हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. तेव्हा ती लांबूनच मारली असणार, असा त्याचा हिशेब. मला तो बरोबर वाटला. मी सही केली. पाच पावलांवर डोक्यावरून पदर घेऊन एक बाई प्रेताजवळ बसली होती. ती सगळं पाहत होती, हे माझ्या लक्षात आलं नाही. तिला काही विचारावं, हेही सुचलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी मधल्या सुट्टीत कौतिकाबाई शाळेत आल्या. माझ्या टेबलावर त्यांनी पदराच्या गाठीतून काढून शिशाची एक गोळी ठेवली. डुक्कर दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी कुत्री लावून भाल्यांनी मारला, तेव्हा त्याच्या खांद्यावरच्या जाड कातड्यातून त्यांनी स्वतः ती कोयत्यानं कोरून काढली होती. जराशी एका बाजूनं चेपलेली, बाकी गोल. हाडापर्यंत पोहोचलीच नव्हती.

“मास्तर, कागदावर सही तुमीच केली ना?”

“हो.”

“मी तिथंच होती. बारा पावलं होती. डुक्कर इथी आन् डोमा तिथी. बारा. मी मोजून आली. तुमी लांबून लिवलं. मले कोनी काऊन इचारलं नाई?”

त्या रडल्या नाहीत. गोळीकडं बोट दाखवून म्हणाल्या, “आमी जाळ्याले शिसं लावतो. शिशाचं वजन माह्या हाताले समजते. गोळी पुरी हाय. मंग तिच्यात जोर काऊन नव्हता? तुमी इज्ञान शिकवता म्हंते. शोधा. कोनी मारलं त्याले, मले नाव पाह्यजे.”

धानाच्या सरकारी फार्मवरून मी लहान तराजू मागून आणला. गोळीचं वजन खरंच पुरं होतं. मग राहिली काडतुसातली दारू. गावापासून जवळच एका टोल्यावर, चार घरांच्या वस्तीत, कुमरे सुभेदार राहायचे. गोंड माणूस, लढाईत परमुलखात जाऊन आलेले, पेन्शन घेऊन परत शेतीला लागलेले. त्यांच्याकडं परवान्याची बंदूक होती. त्यांनी गुलाबशेठच्या दुकानातून काडतुसांचे दोन डबे आणले. एक आम्ही उघडला. दुसरा कौतिकाबाईंनी हातही लावू दिला नाही. त्याच दिवशी पटवाऱ्याला बोलावून तो डबा फडक्यात बांधला, गाठीवर लाख लावली, पटवाऱ्याची सही घेतली आणि सुभेदारांच्या धानाच्या कोठीत खोल पुरून ठेवला. का, ते त्या वेळी त्यांनी सांगितलं नाही. उघडलेल्या डब्यातलं एक काडतूस सुभेदारांनी चाकूनं सोलून पाहिलं. दारू भरपूर, रंगही बरा. सुभेदार नाकाशी नेऊन म्हणाले, “दिसाले तं ठीक हाय. पर फौजमंदी आमी आंखनं नाई, निशाण्यानं वळखत होतो.” डोळ्यांना काही कळत नव्हतं. गोळी किती वेगानं सुटते हे मोजल्याशिवाय काही सिद्ध होणार नव्हतं.

आता आजच्या मुलांना हे गमतीचं वाटेल. त्या काळी गोळीचा वेग मोजायचं यंत्र कुठल्या दुकानात मिळत नव्हतं. मी पुस्तकं धुंडाळली आणि तीन रस्ते काढले. पहिला म्हणजे फिरत्या चकत्यांचा. एका दांड्यावर हातभर अंतरानं दोन पुठ्ठ्याच्या चकत्या बसवायच्या, दांडा जोरात फिरवायचा आणि त्यांतून गोळी मारायची. पहिल्या चकतीत भोक पडून दुसरीत पडेपर्यंत चकत्या थोड्या फिरलेल्या असतात. भोकं जितकी सरकलेली, तितकी गोळी मंद. मला हा प्रकार फार आवडला होता. शाळेत शिकवण्यासारखा होता. भातगिरणीच्या मालकानं इंजिनावर दांडा जोडू दिला. सुभेदारांनी गिरणीमागं भुशाच्या ढिगात बार टाकले. पण ते तेलावरचं इंजिन... कधी दमायचं, कधी उसळायचं. त्याच डब्यातल्या दोन काडतुसांचे दोन वेगळेच वेग निघाले. मी कागदावर सरासरी काढू लागलो.

कौतिकाबाई म्हणाल्या, “तुमचं इंजिनच खोटं बोलून राह्यलं जी. शेठचा वकील याले एका घासात खाईन.”

दुसरा रस्ता नागपूरचा. तिथल्या एका कॉलेजात माझे एक प्रोफेसर होते. त्यांच्याकडं विजेवर चालणारा खरा क्रोनोग्राफ होता. गोळीनं पहिली तार तोडली की एक लोखंडी दांडी सुटून पडायची, दुसरी तार तोडली की एक पातं उडून त्या पडत्या दांडीवर खूण करायचं. ती खूण भिंगातून वाचायची आणि कोष्टकात पाहून वेग काढायचा. मी हरखून गेलो. सेकंदाचा हजारावा भाग मोजणारं यंत्र, आणि ते वापरायला मिळणार! कौतिकाबाईंना मी बरोबर नेलं होतं. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं नागभीड, तिथून नागपूर. त्या प्रयोगशाळेत जमिनीवर बसून त्यांनी सगळं नीट पाहून घेतलं. प्रोफेसरांनी फार आपुलकीनं समजावलं. बाहेर पडल्यावर कौतिकाबाईंनी मला दोनच प्रश्न विचारले.

“हे वाचते कोन?”

“प्रोफेसरसाहेब.”

“त्याईले इकत घेता येते का?”

मी चिडलो. म्हणालो, ते देवमाणूस आहेत. त्या शांतपणे म्हणाल्या, “आसतीन. पन निकाल देनाऱ्या साहेबाले ते थोडीच मालूम हाय? शेठ म्हनन, मास्तरचा गुरू हाय, मास्तरच्या बाजूनं बोलून राह्यला. आन् कोनाले बी त्या भिंगातून दिसनार नाई. मले आसं पाह्यजे मास्तर, का जे उभ्या मानसाले दिसन. अडान्याले बी. शेठच्या सोताच्या डोळ्याले बी.”

तिसरा रस्ता मी सांगायचाच टाळत होतो, कारण तो फार साधा होता. दोनशे वर्षांपूर्वीची जुनाट पद्धत. जड लाकडाचा ओंडका दोरांनी टांगायचा, त्यात गोळी मारायची. गोळी आत रुतते आणि ओंडका मागं झुलतो. जितका जोर, तितका झोका. परतीच्या गाडीत मी हे सांगितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. झटकन वळल्या. “लाकूड?” त्यांनी विचारलं. “निस्तं लाकूड?” आणि मग डोमाजी गेल्यानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हसण्यासारखं पाहिलं. “लाकडाले कोन इकत घेईन जी?”

अशी ती निवड झाली. पुढं अनेकांनी माझं कौतुक केलं, मास्तरांनी युक्ती काढली म्हणून. युक्ती पुस्तकातली होती आणि निवड कौतिकाबाईंची.

ओंडका सावरीचा घेतला, कारण ते लाकूड मऊ, गोळी आरपार जात नाही की उडत नाही. वजन बरोबर अर्धा मण. मी तो एका दोरावर टांगला तर बार बसताच गरगर फिरला. कौतिकाबाईंनी मला बाजूला केलं. चारी कोपऱ्यांना चार दोर घेतले, जाळ्याला मारतात तशा गाठी मारल्या आणि प्रत्येक दोर स्वतः ओढून, ओंडक्यावर पाण्यानं भरलेली परात ठेवून, पाणी एका बाजूला कलत नाही असं पाहून समान केला. त्यानंतर तो ओंडका सरळ मागं जाई आणि सरळ पुढं येई, दुसरीकडं कुठं नाही. मागं एक फळी ठेवली, फळीवर बांबूची हलकी कामटी. ओंडका मागं जाताना कामटी ढकलत नेई आणि जिथपर्यंत गेला तिथं ती सोडून येई. बस. ना वीज, ना भिंग. सुभेदारांनी दुसऱ्या दुकानाची चांगली जुनी काडतुसं टाकून पाहिली. कामटी वीतभर आणि वर पाच बोटं सरकली. तीन वेळा तेवढीच. गुलाबशेठच्या उघडलेल्या डब्यातली टाकली. वीतसुद्धा भरेना. एकदा तर वितेला चार बोटं कमी.

कौतिकाबाई फळीशी उकिडव्या बसल्या होत्या. कामटीपाशी त्यांनी आपली वीत लावून पाहिली. मग म्हणाल्या, “येवढ्यानं मेला माहा मानूस.”

चौकशी व्हावी म्हणून चांद्याच्या कचेरीत अर्ज केला. तो मी लिहिला, अंगठा त्यांनी दिला. अर्ज फिरत असतानाच गुलाबशेठला सुगावा लागला. त्याचा माणूस दोनदा पाळीखाली येऊन गेला. एकदा म्हणे तळ्याचा ठेका मिळवून देतो, एकदा म्हणे पोरीला चांद्याला ठेवून शिकवतो. कौतिकाबाईंनी त्याला दोन्ही वेळा पाटावर बसवलं, गुळाचा खडा आणि पाणी दिलं आणि सांगितलं, “शेठले सांगजा, काई नको. मले शेठ पाह्यजे. माह्यासमोर, सगळ्याईसमोर.”

अखेर चांद्याहून एक साहेब चौकशीला आले. शाळेमागं आटलेल्या बोडीत, लहानशा तळ्यात, मातीच्या उंच पाळीसमोर आम्ही ओंडका टांगला. सगळं गाव जमलं होतं. गुलाबशेठ वकील घेऊन आला. मला पाहून हसत म्हणाला, “मास्तर, झोपाळा बांधला का?” लोक हसले. मीही ओशाळून हसलो. कौतिकाबाई हसल्या नाहीत.

पहिल्यांदा शेठनं आपल्या दुकानातून आणलेला नवा डबा उघडला. सुभेदारांनी बार टाकले. वीतभर आणि पाच बोटं. पूर्ण झोका. शेठनं वेलदोडा तोंडात टाकला. मग डोमाजीची उरलेली काडतुसं ठाण्याच्या मालखान्यातून आणली होती, ती लावली. वीत भरेना. गर्दीत कुजबुज सुरू झाली. वकील उठला. “साहेब, ही काडतुसं वर्षभर मालखान्यात पडून आहेत. छप्पर गळतं, हे कुणालाही विचारा. ओल लागली की दारू मरते. दुकानाचा त्यात काय दोष?” साहेबांनी मान हलवली. मला वाटलं, संपलं.

साहेबांनी विचारलं, “बाई, तुमचं काही म्हणणं?”

कौतिकाबाई पुढं झाल्या. “मले शेठले दोन गोष्टी इचाराच्या हायेत. शेठ, तुमच्या दुकानातून गोळी जाते, तवा कोरडी जाते का वली?”

“कोरडी! ठणठणीत. माझ्या दुकानातून ओली गोळी कधी गेली नाही, जाणार नाही.”

“आन् घेनाऱ्यानं ते पानी लागू न देता ठेवली, तं लाकडाले किती ढकलन?”

“आता ढकललं ना, तेवढंच. आज, उद्या, पुढच्या वर्षी. केव्हाही.”

“साहेब, हे लिवून घ्या जी.” साहेबांनी लिहिलं. वाचून दाखवलं. शेठनं मान डोलावली. मग कौतिकाबाई सुभेदारांकडं वळून म्हणाल्या, “काढा भाऊ.”

सुभेदारांनी पिशवीतून तो लाख लावलेला डबा काढला. पटवारी गर्दीतच होता. त्यानं आपली सही ओळखली. सुभेदारांच्या परवान्यावरची दुकानाची नोंद साहेबांनी स्वतः पाहिली. फडकं सोडलं, कोठीतलं धानाचं तूस त्यातून खाली सांडलं, खडखडीत कोरडं. मी शेठच्या तोंडाकडं पाहत होतो. वेलदोडा चावणं थांबलं होतं.

पहिला बार... कामटी वितेला तीन बोटं कमी. दुसरा... तसाच. तिसऱ्याला तर ओंडका जेमतेम हलल्यासारखा वाटला. कुणी हसलं नाही. तळ्यात जाळं टाकून बसणाऱ्या बाईनं भरल्या गावासमोर त्या माणसाला त्याच्याच शब्दांत अडकवलं होतं, आणि हे तिनं त्या दिवशी नव्हे, डबा बांधला त्या दिवशीच ठरवलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

साहेब काही बोलायच्या आत कौतिकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. “मास्तर, तुमचं बाकी हाय.” मी उभा राहिलो. पंचनाम्यावर मी न पाहता, न विचारता सही केली, मयताचा काही दोष नव्हता, हे मी साहेबांसमोर, माझ्या विद्यार्थ्यांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर सांगितलं. त्या एकटक ऐकत होत्या, शब्द न् शब्द.

मग म्हणाल्या, “साहेब, आता याच डब्यातली एक गोळी याच्या हातात द्या. आन् बारा पावलावर डुक्कर उभं करा. मंग माहं काई म्हननं नाई.”

“बाई, कायद्याला असं करता येत नाही.”

“मंग तुमचा कायदा बी वितेले कमीच भरला जी,” त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पुढं झडती झाली. डोमाजी गेला त्याच्या आधीच्या पावसाळ्यात नाल्याचं पाणी शेठच्या गोदामात शिरलं होतं. भिजलेली काडतुसं त्यानं उन्हात वाळवून, नवे कागद चिकटवून विकली होती. पेट्यांवर गाळाची रेघ तशीच होती. परवाना गेला, खटला झाला, दंड झाला. तुरुंग झाला नाही. निकालाच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, “कौतिकाबाई, झालं. जिंकलात.” त्या म्हणाल्या, “तो घरी जाऊन जेवन, मास्तर. डोमा जेवत नाई.”

गुलाबशेठनं त्याच जागी कापडाचं दुकान टाकलं. पहिल्याच बाजाराच्या दिवशी कौतिकाबाई छोट्या गाडीनं चांद्याला गेल्या आणि मासोळीची टोपली घेऊन दुकानासमोर बसल्या. पुढच्या बाजाराला पुन्हा. मग दर बाजाराला. पातळ घ्यायला आलेल्या बायका नाकाला पदर लावायच्या आणि विचारायच्या, बाई, इथंच का बसता? आणि त्या मोठ्या आवाजात पहिल्यापासून सगळं सांगायच्या, बारा पावलांसकट. शेठनं तक्रार केली, शिपायानं त्यांना उठवलं, त्या दोन हात सरकून बसल्या. मी एकदा हात जोडून म्हणालो, आता पुरे, त्याची बायकापोरं आहेत. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा मी तो विषय काढला नाही. खोटं कशाला सांगू, एकदा चांद्याला गेलो असताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो. दुपारची वेळ, बाजार ऐन भरात, आणि त्या दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. शेठ गादीवर एकटा बसला होता. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. अजूनही आठवलं की वाटतं.

तिसऱ्या वर्षी शेठ दुकान मोडून मुलखाबाहेर कुण्या नातेवाइकाकडं निघून गेला. बऱ्याच वर्षांनी तो वारल्याचं कळलं, ते मीच त्यांना सांगायला गेलो. त्या जाळं विणत होत्या. हात न थांबवता विचारलं, “कसा मेला?” मी ऐकलं होतं तसं सांगितलं: झोपेत, काही त्रास न होता. त्यांचे हात थांबले. “सोप्यानंच गेला मंग,” त्या म्हणाल्या. “देव बी त्याच्याच दुकानातला गिराईक निंगाला.” त्या दिवशी त्यांनी चूल पेटवली नाही. कुणाच्या मरणाचं म्हणून नाही. रागानं.

सुमन शिकली, नर्स झाली, गडचिरोलीच्या दवाखान्यात लागली आणि म्हातारपणी आईला तिकडं घेऊन गेली. मी शेवटचा भेटलो ते तिच्या क्वार्टरमध्ये. कौतिकाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, अंगाची काडी झालेली, डोळे तेवढे तेच. इकडचं तिकडचं बोलून झालं. निघताना मी म्हणालो, “कौतिकाबाई, माझं वय झालं. आता तरी मला माफ करा.”

त्यांनी बराच वेळ विचार केला. खरंच केला, टाळायचं म्हणून नाही. मग म्हणाल्या, “तुमी कामाचे मानूस हाव, मास्तर. तुमच्याबिगर झालं नसतं. माह्या पोरीले तुमी शिकवलं. ते मी कधी भुलली नाई. पन सही बी तुमचीच होती जी.”

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या माझ्या घरी शेकडो वेळा आल्या असतील. अर्जासाठी, सुमनच्या शाळेसाठी, नंतर नुसत्याच. ज्या ढिवरांच्या हातचं पाणी लग्नाकार्यात सगळं गाव पितं, त्यांच्यातली ही बाई, तेव्हा शिवाशिवीचा प्रश्न नव्हता. पण माझ्या घरी त्या कधी पाण्याचा घोट घेत नसत. माझी बायको दर वेळी पितळी पेला भरून पुढं ठेवायची. त्या पेला उचलायच्या, बोलणं संपेपर्यंत हातात धरायच्या, आणि जाताना पायरीजवळच्या कागदी लिंबाच्या रोपाला ते पाणी घालून, पेला उपडा ठेवून निघायच्या. अपमान म्हणून नव्हे. जणू ती आमच्या घरची रीतच होती. बायकोनं एकदा मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, सही माझी होती, राहू दे, पेला भरत जा. त्या रोपाचं आता चांगलं डेरेदार झाड झालं आहे. दाराशी उन्हाळ्यातसुद्धा सावली पडते.

तेराव्याहून आल्यावर मी लिंबं उतरवली. पिवळी, रसरशीत, टोपलीभर. बायको म्हणाली, सुमनकडं पाठवू या का थोडी? मी म्हणालो, थोडी कशाला, सगळीच पाठव. ओळखीच्या कंडक्टरजवळ टोपली दिली. सुमनला सगळं ठाऊक आहे. झाड कशावर वाढलं तेही. लहानपणी आईचं बोट धरून ती पायरीवर उभी असायची.

चौथ्या दिवशी त्याच गाडीनं टोपली परत आली. वरचं फडकं धुऊन, नीट घडी करून घातलेलं. खाली सगळी लिंबं तशीच, एकालाही हात न लागलेली. चिठ्ठी नव्हती.

बायकोला वाईट वाटलं. मला वाटलं नाही. मी टोपली ओसरीवर ठेवली आणि म्हणालो, “पोरगी आईवर गेली आहे.”